नवी गिरणी नको, आपली रापण हवी

गेल्या चतुर्थीला भाचा मुंबईहून आला तो बॅगेत कपडे कमी आणि लॅपटॉपच्या वायरी जास्त घेऊन. दुपारची आरती झाली, मोदक झाले, माजघरात पत्त्यांचा डाव मांडायची गडबड चालली होती. त्याने मला हळूच पडवीत बोलावलं. "मामा, ह्या बघा." पडद्यावर एक बाई मान वळवते, केस वाऱ्यावर उडतात, मागे कुठलंसं परदेशी शहर. चार सेकंदांत संपलं. "ह्या केसांचा काम माझा."

चार सेकंदं म्हणजे, सेकंदाला चोवीस धरून, शहाण्णव चौकटी (फ्रेम). प्रत्येक चौकटीत त्या बाईच्या केसांची कड एकेक बिंदू टाकत आखायची, म्हणजे तिच्या मागचा खरा देखावा काढून तिथे दुसरा बसवता येतो. त्यांच्या धंद्यात याला रोटो म्हणतात. त्याने चौकट मोठी करून दाखवली तेव्हा कानामागून सुटलेली एक बट दिसली, अगदी बारीक, कुठेही न तुटता आखलेली. असा हात मी वर्गात फार थोड्या मुलांचा बघितला आहे. या कामाला त्याचे सहा दिवस गेले होते. मी विचारलं, "मगे तुझा नाव खंय येता?" तो म्हणाला, "आमचा नाव येना नाय, मामा." एसटी आमच्या फाट्यावर थांबत नाही हे सांगावं, तितक्या सहज.

मी कुडाळ तालुक्यात बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलेल्या मुलांची मोजदाद मी कधी ठेवली नाही, पण ज्यांचा हात खरोखर चांगला होता ती सगळी आठवतात. काहीजण गणपतीच्या शाळेत मूर्तींचे डोळे रेखतात. काहीजण रिक्षा चालवतात. गेल्या पंधरा वर्षांत मात्र त्यातली बरीचशी अंधेरी, मालाड, गोरेगाव, नाहीतर पुण्याला गेली आणि संगणकासमोर बसून दुसऱ्यांच्या चित्रपटांतले केस, झाडं, तारा आखू लागली. पगार मिळतो, मुलं सुखी नसली तरी उपाशी नाहीत. त्या पगाराला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण हे चित्र मी आधी पाहिलेलं आहे. माझे आजोबा गिरणीत होते. गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचं, महिन्याला मनीऑर्डर पाठवायची, चतुर्थी आणि शिमग्याला घरी यायचं. कोकणाने मुंबईला दोन-तीन पिढ्या माणसं पुरवली. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनीचं सोनं झालं, त्या सोन्यात साचे चालवणाऱ्याचा वाटा नव्हता. कापड त्याने विणलं होतं, पण कापडावर छाप गिरणीचा होता.

आज ॲनिमेशनच्या नावाने आपल्याकडे जे उभं राहतंय ते बहुतांशी तीच गिरणी आहे, फक्त एसी लावलेली. काम बाहेरून येतं, तासावर मोजलं जातं, तयार झालं की बाहेर जातं. गोष्ट त्यांची, पात्रं त्यांची, हक्क त्यांचे. आपली फक्त बोटं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोकण किनाऱ्यावर, कुडाळ-सावंतवाडीच्या परिसरात, आपला स्वतःचा ॲनिमेशन स्टुडिओ उभा राहिला पाहिजे, तो आपल्याच गोष्टींचे चित्रपट काढणारा असला पाहिजे, आणि त्या चित्रपटांची मालकी ते काढणाऱ्यांकडे राहिली पाहिजे. राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स (संगणकावर केलेले दृश्यपरिणाम), गेमिंग आणि कॉमिक्ससाठी धोरण मंजूर केलं आहे, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. त्या पैशाचा एक ठरलेला हिस्सा याच कामासाठी वेगळा काढावा, ही माझी मागणी.

हे स्वप्नरंजन आहे असं ज्यांना वाटेल त्यांना मी किलकेनीची गोष्ट सांगतो.

किलकेनी हे आयर्लंडमधलं गाव, डब्लिनपासून सव्वाशे किलोमीटरवर, वस्ती सव्वीस-सत्तावीस हजार. आपल्या सावंतवाडीहून फार मोठं नाही. १९९९ मध्ये टॉम मूर, नोरा टूमी आणि पॉल यंग या तिघांनी तिथे कार्टून सलून नावाचा स्टुडिओ सुरू केला. मूर त्याच गावात वाढलेला. त्यांच्याकडे एक कल्पना होती. आयर्लंडमध्ये साधारण इसवी सन ८००च्या सुमाराची एक सचित्र हस्तलिखित पोथी आहे, बुक ऑफ केल्स, सध्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेली. त्या पोथीतल्या वेलबुट्ट्या, गुंतलेले पशुपक्षी, भरगच्च चौकटी यांच्यातूनच एक चित्रपट हलता करायचा. लांबी-रुंदी आहे, खोली नाही, जवळचं मोठं आणि दूरचं लहान असा नियम नाही. जशी पोथी तसाच पडदा. 'द सीक्रेट ऑफ केल्स' पूर्ण व्हायला २००९ उजाडलं. तेवढी दहा वर्षं त्यांनी पोट कसं भरलं? जाहिराती केल्या, वेबसाइटी केल्या, पुस्तकांची चित्रं काढली. म्हणजे परक्याचं काम त्यांनीही केलं. फरक एवढाच, की ते काम करताना कपाटात आपला चित्रपट ठेवलेला होता आणि रोज संध्याकाळी तो बाहेर काढायचा हे ठरलेलं होतं.

चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. मग 'साँग ऑफ द सी' (२०१४), 'द ब्रेडविनर' (२०१७), 'वुल्फवॉकर्स' (२०२०). हे चारही पूर्ण लांबीचे चित्रपट ऑस्करच्या अंतिम यादीत गेले. एकालाही ते मिळालं नाही, आणि स्टुडिओचं त्याने काही अडलं नाही. यातला 'द ब्रेडविनर' नोरा टूमीने केलेला, काबूलमधल्या एका मुलीची गोष्ट. ज्यांनी आधी आपल्या मातीतली गोष्ट नीट सांगितली त्यांच्यावर दुसऱ्यांनी आपली गोष्ट विश्वासाने सोपवली, असं मी त्याच्याकडे बघतो.

'वुल्फवॉकर्स'बद्दल चित्रकला मास्तर म्हणून मला थांबून बोलायचं आहे. गोष्ट १६५०च्या किलकेनीतली, म्हणजे त्यांच्याच गावातली. इंग्रजांच्या ताब्यातलं तटबंदीचं शहर आणि बाहेर लांडग्यांचं रान. शहर दाखवताना रेघा जाड, काटकोनी, जुन्या लाकडी ठशांच्या छपाईसारख्या. रान आलं की रेघ सैल होते, पेन्सिलीचे कच्चे फटकारे तसेच ठेवलेले, खोडलेल्या रेघाही दिसतात. राज्य कोणाचं आणि मोकळीक कुठे, हे एकही शब्द न बोलता नुसत्या रेघेने सांगितलेलं. मी वर्गात मुलांना रेघेचं वजन, रेघेचं वजन म्हणून घसा कोरडा करायचो. ते वजन म्हणजे काय, ते या चित्रपटात दिसतं.

आता आमच्या पिंगुळीला या. कुडाळपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा सांभाळली. सावंतवाडीच्या भोसले संस्थानचा तिला आश्रय होता. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला तेही पोथीच म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र उभं धरतो, गातो, बोट पात्रावरून फिरवतो, मग चित्र उलटतो. चेहरे बाजूने काढलेले, डोळा मोठा टपोरा, रथाची चाकं सपाट, रिकाम्या जागेत नक्षी. खोली नाही, नजरेचा नियम नाही. बुक ऑफ केल्सचं वर्णन वर केलं ते पुन्हा वाचून बघा. आणि याच समाजाकडे कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत, ज्यांची सावली दिव्यापुढच्या पांढऱ्या कापडावर नाचते. आज हाती असलेला जगातला सर्वांत जुना लांबीचा ॲनिमेशनपट १९२६चा, जर्मनीच्या लोटे रायनिगरचा. तोही कापलेल्या काळ्या आकृत्या आणि प्रकाश यांचाच. मी लहानपणी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला तेव्हा राक्षस दिव्याच्या जवळ आणला की कापडभर होतो, हे पाहून आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. कॅमेरा जवळ नेणं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. शब्द पुढे बऱ्याच वर्षांनी कळला.

परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आम्हा सगळ्यांना आनंद झाला. त्यांनी घराजवळ उभारलेलं कला आंगण पाहायला पर्यटक येतात. पण पद्मश्रीनंतर काय? माझी काळजी अशी, की आपण चित्रकथीचा सत्कार करू, ती कपांवर आणि साड्यांवर छापू, रिसॉर्टच्या भिंतीवर रंगवू आणि ती जिवंत ठेवल्याचं समाधान मानू. चित्रकथी हे शोभेचं चित्र कधीच नव्हतं. ती गोष्ट सांगायची रीत होती. गोष्ट काढून घेतली की मागे उरते ती नक्षी.

गोष्ट गेली की काय जातं याचं एक उदाहरण पुन्हा आयर्लंडमधलंच. टॉम मूर मुलाला घेऊन पश्चिम किनाऱ्यावर डिंगलला सुट्टीला गेला होता. किनाऱ्यावर सील नावाचे समुद्री प्राणी मरून पडलेले. मासे कमी झाले म्हणून कोळी लोक सीलना दोष देऊन मारतात असं कळलं. तिथली एक बाई म्हणाली, पूर्वी असं झालं नसतं. सील म्हणजे समुद्रात राहणारी माणसं, अशी गोष्ट घराघरात होती, त्यामुळे हात उचलला जायचा नाही. त्या एका बोलण्यातून 'साँग ऑफ द सी' निघाला, आणि तो आयर्लंडच्या मूळ भाषेतही काढला गेला.

आपल्याकडे देवराई होती. आहे. राखणदार रात्री फिरतो, त्याच्या वाटेत झोपायचं नाही, राईतली वाळकी काठीसुद्धा घरी आणायची नाही, झाड तोडायचं तर देवाचा कौल घ्यायचा. माझ्या वाडीतली राई निम्मी गेली. कुऱ्हाड चालवणारी माणसं दुष्ट नव्हती. ती पोरं होती तेव्हा त्यांना राखणदाराची गोष्ट कोणी सांगितली नव्हती, एवढंच. त्या वयात त्यांच्यासमोर जी कार्टुनं होती त्यात एक मांजर होतं आणि एक उंदीर होता. मुलांना ती आवडली यात मुलांचं काय चुकलं? आपण त्यांच्यापुढे दुसरं काही ठेवलंच नाही.

यावर एक आक्षेप माझा भाचाच घेतो. तो म्हणतो, बाहेरचं काम आलं नसतं तर आम्ही शिकलो कुठे असतो? बरोबर आहे. आयर्लंडमध्येही असंच झालं. १९८०च्या दशकात डॉन ब्लुथ हा अमेरिकी ॲनिमेटर आपला स्टुडिओ डब्लिनला घेऊन आला, सरकारने सवलती दिल्या, बॅलिफर्मट कॉलेजात त्यांच्या मदतीने अभ्यासक्रम सुरू झाला. नव्वदच्या दशकात तो स्टुडिओ बंद पडला. पण कॉलेज राहिलं, आणि किलकेनीची ही मंडळी तिथेच शिकली. म्हणजे परक्याच्या कामातून हुनर येतं हे खरंच. मात्र ते हुनर घेऊन गावी परतलेल्यांना तिथल्या चित्रपट मंडळाने स्वतःची गोष्ट लिहायला पैसे दिले, करात सवलत दिली, फ्रान्स-बेल्जियमचे भागीदार मिळवणं त्यामुळे शक्य झालं. आमचा मुलगा हुनर घेऊन परत येतो तेव्हा त्याच्यासाठी काय आहे? होमस्टेचा बोर्ड रंगवायचं काम आहे.

शिवाय रोटोचं काम राहणार किती दिवस? केसाची कड आखणं, हेच काम यंत्र सगळ्यात आधी शिकतंय. जे काम तासावर विकलं जातं ते आधी स्वस्त होतं, मग जातं. हे सांगायला पंडित लागत नाही, गिरणगावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण लोक समजतात तितका अवघड नाही. २०२५चा ऑस्कर ज्या ॲनिमेशनपटाला मिळाला तो 'फ्लो' लॅटव्हियाचा, गिंट्स झिल्बालोडिसचा, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला. त्यात संवाद नाहीत, एक मांजर आहे, पाणी आहे, होडी आहे. लॅटव्हियाची लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आत. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून साडेचोवीस लाखांवर होते. पाणी आणि होडी यांच्याबाबत आपण कोणाला ऐकणारे नाही.

आणि मालवणी कोण बघणार, हा प्रश्न तर 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाल्यावर कोणी विचारू नये.

मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. समजा स्टुडिओ झाला, चित्रकथीतली पात्रं घेऊन चित्रपट झाला, चालला. मग ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या पोथ्या जपल्या त्यांना काय? उद्घाटनाला शाल-श्रीफळ आणि शेवटी आभारात एक ओळ? तसं होणार असेल तर आपणही गिरणीमालकच झालो. याचं उत्तर शोधायला मला आयर्लंडला जावं लागत नाही. ते मालवणच्या किनाऱ्यावर आहे.

रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडी जाळं सोडत अर्धगोल घेते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याचे दोन्ही दोर वाळूवर. मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतात, कमरेतून मागे झुकून, पावलं वाळूत रुतवून, एका तालात. त्यात म्हातारे असतात, शाळा बुडवून आलेली पोरं असतात. जाळं वर आलं की माशांचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. दोराला हात लावणारा रिकामा जात नाही. मासे कमी लागले तर वाटे लहान, पण पडतात. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटींच्या जमान्यात रापण मागे पडली, तिचे दिवस कठीण आहेत, हे मला माहीत आहे. पण वाटणीची ही रीत आपल्या रक्तात आहे आणि स्टुडिओ त्या रीतीने चालवता येतो. पोथी ज्या घरातली त्यांचा वाटा, तो एकदाच नव्हे, चित्रपट जिथे जिथे विकला जाईल तिथे. गोष्ट सांगणाऱ्या आजीचा वाटा. रेखणाऱ्याचा, रंग भरणाऱ्याचा, पखवाज वाजवणाऱ्या दशावताऱ्याचा. लेखी करार, मराठीत, सगळ्यांसमोर वाचलेला. ठाकर समाजातली मुलं तिथे नमुना दाखवायला बोलावलेली नकोत, दिग्दर्शनाच्या खुर्चीत हवीत.

सरकारकडून मोठं ॲनिमेशन पार्क मला नको. काचेच्या इमारती बांधायला पैसा लागतो आणि त्यात शेवटी येतं ते बाहेरचंच काम. मला हवी आहे ती लहान रक्कम, लहान गटांना, सलग चार-पाच वर्षं. गोष्ट लिहायला आणि पहिली काही मिनिटं तयार करायला. अट एकच, की हक्क काढणाऱ्यांकडे राहतील आणि काम मुंबई-पुण्याबाहेर होईल. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने आठवड्याला अर्धा तास नव्या मराठी ॲनिमेशनला द्यावा, विकत घेऊन. आयर्लंडने आपल्या भाषेसाठी १९९६ मध्ये अख्खी वाहिनी काढली. मी अर्धा तास मागतोय. कुडाळ किंवा सावंतवाडीत दोन वर्षांचा अभ्यासक्रम असावा, आणि त्यात पिंगुळीचे कलाकार पगारी शिक्षक म्हणून असावेत, पाहुणे म्हणून नव्हे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, १९१५च्या सुमारास त्यांनी आगपेटीतल्या काड्या पडद्यावर हलवून दाखवल्या. एकशे दहा वर्षं होऊन गेली. काड्या आपल्याकडे होत्याच.

त्या चतुर्थीला पत्त्यांचा डाव सोडून आम्ही पडवीत बसलो आणि हिशेब मांडला. रापणीवर सात मिनिटांचा चित्रपट. दहा हजार ऐंशी चौकटी. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तर पाच हजार चाळीस चित्रं. सहा माणसांनी दिवसाला दहा-दहा काढली तर चौऱ्याऐंशी दिवस, मग रंग, मागचे देखावे, आवाज धरून वर्ष. सहा माणसांचा वर्षाचा पगार आणि माझ्या माडीवरची खोली. खोलीचा प्रश्न सुटलेला आहे.

भाचा अजून मालाडलाच आहे, रविवारी काढतो आणि मला पाठवतो. एक म्हातारा दोर खांद्यावर घेतो आणि टाच वाळूत रोवतो. टाच रुतताना वाळू बाजूला सरकली पाहिजे, असं मी कळवलं, त्याने ती पुन्हा काढली. बारा चित्रं झाली आहेत. म्हणजे एक सेकंद.